मांजरा या गाण्यात आहे!

राज्यगीत आपण ऐकतो, म्हणतो, ते सुरू झालं की ताठ उभे राहतो. पण ते वाचतो का? मी नुकतंच वाचलं, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला धरून सांगत सुटलोय. अहो, राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' ही कविता आहे! श्रीनिवास खळ्यांची ती अंगावर काटा आणणारी चाल थोडी बाजूला ठेवा, शाहीर साबळ्यांचा खडा आवाजही ठेवा, आणि नुसते शब्द घेऊन बसा. तीन कडव्यांत एवढं काही भरून ठेवलंय की आठवडाभर मला दुसरं काही सुचेना.

झालं असं, की आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर राज्यगीत रंगवून घ्यायचं ठरलं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या शिवजयंतीपासून, हे गीत अधिकृत राज्यगीत झालं. सरकारनं मूळ गीतातली दोन कडवी घेतली, पावणेदोन मिनिटांच्या आत बसणारी. आमच्या मुख्याध्यापकांनी मात्र सांगितलं, भिंत मोठी आहे, तिन्ही कडवी लिहा. पेंटर आला. त्यानं दोऱ्याला खडूची पूड चोळली, दोरा भिंतीवर ताणून टणकन सोडला, आणि सरळ रेघ उमटली. तशा ओळीनं रेघा मारून तो घोडीवर चढला. शुद्धलेखन तपासायला मी खाली पुस्तक घेऊन उभा. आधी पेन्सिलीनं अक्षर, मग ब्रशनं, मग वेलांटी, मग अनुस्वार. त्या वेगानं कुणी गाणं म्हणत नाही! चाल गळून पडते आणि शब्द एकेक करून समोर येऊन उभे राहतात. पहिल्या कडव्यातली नद्यांची नावं लिहून झाली तसा तो वरूनच म्हणाला, "सर, लिहूलालोय खरं, पण ह्यात आपली मांजरा कुठं हाय वो?"

हा प्रश्न आमच्या देवणीच्या माणसालाच पडू शकतो. कारण आपण कुठले, हे आमच्याकडे दर पिढीला नव्यानं सांगावं लागलंय. माझ्या आजोबांचा जन्म निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा ते भारताचे झाले, पण राज्य हैदराबादच. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. जिल्ह्याचंही तसंच. आमचा उदगीर तालुका आधी बिदर जिल्ह्यात, १९५६ पासून उस्मानाबादेत, १९८२ पासून लातुरात. आणि १९९९ ला उदगिरातून देवणी हा वेगळा तालुका निघाला. आजोबांनी घर बदललं नाही, शेत बदललं नाही, विहीर बदलली नाही. आमच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद आहेत, त्यांवर उर्दूत जिल्हा बिदर लिहिलेला आहे. त्याच गटाचा सातबारा आता जिल्हा लातूर म्हणून निघतो. अशा गावात वाढलेल्या पेंटरनं गाण्यात आपली नदी शोधली, तर त्यात नवल ते काय?

मी नकाशा काढला. आणि मग जे सापडत गेलं, ते सापडतच गेलं!

मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूर जिल्ह्यातून वाहत वाहत आमच्या बाजूनं कर्नाटकात बिदरकडे जाते, तिथून तेलंगणात उतरते. तिथे तिच्यावर सिंगूर आणि निजामसागर ही मोठी धरणं आहेत, हैदराबाद शहरानं तिचं पाणी प्यालंय. म्हणजे गेली म्हणायची आपली नदी परक्या मुलुखात. पण नाही! निजामसागरच्या अलीकडेच ती वळलेली असते, सरळ उत्तरेला तोंड करते, नांदेड जिल्ह्याच्या बिलोलीकडच्या शिवेला लागून पुन्हा महाराष्ट्राला भिडते, आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी गाण्यात आहे. म्हणजे मांजरा गाण्यात आहे! तेरणा आहे, कारण ती मांजरेला मिळते. मन्याड आहे, लेंडी आहे, देवणीच्या शिवारातला उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढासुद्धा आहे, कारण त्याचंही पाणी शेवटी तिकडेच जातं. कवीनं सगळ्या नद्या मोजत बसायचं नसतं. त्यानं नर्मदा घेतली, वर्धा घेतली, कृष्णा, कोयना, गोदावरी घेतली, आणि या सगळ्यांचं पाणी एकाच मातीच्या भांड्यात भरलं. नर्मदा तर महाराष्ट्राला लागून वाहते ती फक्त नंदुरबार जिल्ह्यात, अवघी ५४ किलोमीटर. तरी तिला मान पहिला. उत्तरेच्या टोकाच्या माणसाला पहिल्याच शब्दात आत घेतलं! मला हे कळलं तेव्हा मी वर्गात अक्षरशः ओरडलो, आणि मुलं माझ्याकडे बघत राहिली.

आणि हे एका भांड्यातलं पाणी कवितेपुरतंच राहिलं असं समजू नका. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं, शहराच्या नळाला पाणी नाही, टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटर घेऊन. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. ते पाणी कृष्णेचं होतं! मांजरेच्या काठची माणसं कृष्णेचं पाणी पीत होती. राजा बढ्यांनी ज्या नद्या एका कडव्यात शेजारी बसवल्या, त्यांतल्या एकीचं पाणी दुसरीच्या खोऱ्यातल्या तहानलेल्या घरात रेल्वेनं पोचलं. मी ते पाणी प्यालो आहे. त्या वेळी हे कडवं डोक्यात नव्हतं. आता ते डोक्यातून जात नाही.

त्याच कडव्यात भीमेकाठची घोडी यमुनेचं पाणी पितात. शाळेत असताना वाटायचं, वीररसाची ओळ आहे, असायचीच. पण ही घोडी कुठून निघाली होती, माहीत आहे? आमच्या शेजारून! ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. तिथून फौजा परतूरला गेल्या, आणि उत्तरेची खबर आल्यावर मार्चमध्ये तिथूनच भाऊ हिंदुस्थानात निघाले. त्या वर्षी मराठ्यांच्या घोड्यांनी यमुनेचं पाणी प्यालं, पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. म्हणजे यमुनेवर पोचायच्या आधी त्या घोड्यांनी आमच्या बालाघाटातला कडबा खाल्ला होता. उदगीरच्या किल्ल्यावर मी किती वेळा गेलोय! मुलांच्या सहली नेल्यात. आता नेईन तेव्हा बुरुजावर उभं करून हे कडवं म्हणवून घेणार.

पुढचं तर आणखी जवळचं. दुसऱ्या कडव्यात आभाळाच्या आणि राजसत्तेच्या जुलमाला तोंडावर उत्तर देणारी माणसं आहेत. मराठवाड्याइतकी ही जोडी कुणी भोगली? रझाकारांचे दिवस आमच्या म्हाताऱ्या माणसांनी काढले, आणि दुष्काळ तर आम्ही सगळेच काढतो. १९७२ चा दुष्काळ बघितलेली माणसं आजही अन्न टाकलं की रागावतात. आणि तिसऱ्या कडव्यात काय आहे? गरिबीचं ऊन आहे, कपाळाचा घाम आहे, मनगटाची ताकद आहे. राज्याच्या गौरवगीतात गरिबी! हे धाडस बघा. गौरवगीत म्हटलं की सोनं, मोती, सुजलाम, सुफलाम असं सगळं येतं, आणि खडी फोडायला गेलेला, ऊसतोडीला गेलेला माणूस ते ऐकताना मनातून बाहेरच राहतो. या गाण्यात तो बाहेर राहत नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आईबाप दिवाळीनंतर कारखान्याला जातात आणि उन्हाळ्यात परततात. ती मुलं आजीजवळ राहतात आणि रोज परिपाठाला हे गीत म्हणतात. त्यांच्या आईबापाचा घाम या कवितेत आहे, आणि तो लाज म्हणून येत नाही, राज्याचं भूषण म्हणून येतो. माझ्या मते ही या गीताची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. नद्यांहून मोठी, घोड्यांहून मोठी.

हे लिहिलं कुणी? नागपूरच्या माणसानं! राजा बढे १९१२ साली नागपुरात जन्मले. ज्या विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी जोरात होती, तिथल्या कवीनं महाराष्ट्राचं गाणं लिहिलं. चाल दिली बडोद्यात वाढलेल्या खळ्यांनी. गायलं साताऱ्याकडच्या पसरणीच्या शाहीर साबळ्यांनी. यात मराठवाड्याचं कुणी नाही म्हणून मी थोडा खट्टू झालो होतो. पण तेवढ्यात हाती लागलं की याच राजा बढ्यांनी हालाच्या 'गाथासप्तशती'चा 'शेफालिका' या नावानं मराठीत काव्यानुवाद केलाय. गाथासप्तशती म्हणजे सातवाहनांची, पैठणची, गोदाकाठच्या साध्यासुध्या शेतकऱ्यांची, त्यांच्या प्रेमाची, रुसव्यांची. गोदावरी तिच्यात पुन्हा पुन्हा येते. तेव्हा बढ्यांच्या गाण्यातली गोदावरी ही यमक जुळवायला आलेली नाही. दोन हजार वर्षांच्या तिच्या काठावर हा माणूस मुक्काम करून आला होता!

आता मला एकामागून एक गोष्टी दिसायला लागल्या. महाराष्ट्र १९६० चा, पण महाराष्ट्रगीतं त्याच्या कितीतरी आधीची. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी महाराष्ट्रगीत लिहिलं तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. गोविंदाग्रज १९१९ ला वारले, राज्य व्हायच्या एक्केचाळीस वर्षं आधी. त्यांनी ज्या देशाला वंदन केलं, त्यातली देवणी तेव्हा निजामाच्या दप्तरात होती, मुंबई इंग्रजांच्या, नागपूर मध्यप्रांतात. कागदावर नसलेलं राज्य कवितेत आधी होतं! आणि मग अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली'. लावणीच्या बाजाची, विरहाची, मुंबईला पोट भरायला आलेल्या नवऱ्याची. पण त्याची गावाकडे राहिलेली मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी! संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचं सगळं राजकारण त्यांनी एका ताटातुटीच्या दुःखात ओतलं. आमच्या पलीकडे कर्नाटकात भालकी, औराद आहे. तिथं आमच्या लेकी दिल्यात, तिथल्या आमच्या सुना आहेत. नवराबायकोच्या ताटातुटीतून नकाशा सांगायचा, ही युक्ती वाटेगावच्या त्या शाहिराला सुचली, आणि सीमेवरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

सीमेवर राहायचा आणखी एक फायदा मला आता कळला. मांजरा ज्या तीन राज्यांतून वाहते, त्या तिन्ही राज्यांनी एकेक कविता आपलं राज्यगीत केलीय. कर्नाटकानं २००४ साली कुवेंपूंची घेतली. तिच्यात कर्नाटक ही भारतमातेच्या पोटची लेक आहे. महाराष्ट्रानं २०२३ ला राजा बढ्यांची. तेलंगणानं २०२४ ला अंदेश्रींची, आणि हे अंदेश्री कोण, तर शाळेत न शिकलेला, गुरं राखलेला, गवंड्याच्या हाताखाली राबलेला माणूस! एक नदी, तीन भाषा, तीन कविता. आमची देवणी गाय तशी तिन्हीकडे आहे. वानेरा, बालंक्या, शेवेरा या तिच्या तिन्ही जाती बिदरकडच्या गोठ्यांतही दिसतात, आणि तिकडेही तिला देवणीच म्हणतात. मला वाटतं, मराठवाड्याच्या शाळांनी या तिन्ही कविता मराठी अर्थासह मुलांना द्याव्यात. शेजाऱ्याला काय प्रिय आहे, ते त्याच्या गाण्यातून जितकं कळतं तितकं भाषणातून कळत नाही.

हे सगळं मी माझ्या भाचीला फोनवर सांगत होतो. ती कॅनडात ऑन्टारिओत राहते, आता तिथली नागरिकही झालीय. ती म्हणाली, "मामा, आमच्याकडच्या गाण्याची गोष्ट ऐकलीस का?" आणि तिनं जे सांगितलं, त्यानं माझी झोप उडाली. कॅनडाचं राष्ट्रगीत आधी फ्रेंचमध्ये झालं, १८८० साली क्वेबेकमध्ये. शब्द अडॉल्फ-बाझिल रुतिए यांचे, चाल कालिक्सा लावाले यांची. इंग्रजी शब्द १९०८ साली रॉबर्ट स्टॅनली वियर नावाच्या न्यायाधीशानं लिहिले. पण त्यानं भाषांतर केलंच नाही! फ्रेंच कवितेत तलवार आहे, क्रूस आहे, पूर्वजांचा पराक्रम आहे. इंग्रजीत उत्तरेचा मोकळा मुलूख आहे आणि पहारा देणारी माणसं आहेत. एका चालीवर दोन वेगळ्या कविता, आणि देश दोन्ही म्हणतो. अधिकृत राष्ट्रगीत व्हायला १ जुलै १९८० उजाडावं लागलं, पहिल्यांदा गायलं गेलं त्यानंतर शंभर वर्षांनी.

त्या इंग्रजी गीतात देशप्रेम मागितलं होतं ते फक्त मुलग्यांकडे. लेकींचं नाव नाही. हे बदलावं म्हणून वर्षानुवर्षं प्रयत्न झाले. शेवटी मॉरिल बेलांजे नावाच्या खासदारानं विधेयक आणलं. त्याला असा आजार झाला होता की वाचा गेली होती. यंत्राच्या आवाजात बोलून त्यानं ते पुढे रेटलं. जून २०१६ मध्ये ते खालच्या सभागृहात मंजूर झालं, ऑगस्टमध्ये तो गेला. सिनेटची मंजुरी आणि कायदा व्हायला फेब्रुवारी २०१८ उजाडलं. आता तिथं मुलगे नाहीत, आपण सगळे आहोत. भाची म्हणाली, "शपथेनंतर गाणं म्हणायचं असतं मामा. शपथ घेताना काही झालं नाही, पण त्या ओळीला गळा दाटला. त्या गाण्यात मला जागा करून दिलेली होती ना." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणि आपल्या गाण्यातून मी गेले का रे आता?"

मी म्हणालो, "अगं, मांजरा बघ की! दोन राज्यं फिरून येते, आणि तरी गोदावरीलाच मिळते." ती हसली. पण मी मनापासून बोललो होतो. तिच्या नव्या देशाच्या गाण्यात कुठल्याच गावाचं, कुठल्याच नदीचं नाव नाही, म्हणून देवणीची मुलगी तिथं सहज आत जाऊ शकते. आपल्या गाण्यात नद्यांची नावं आहेत, म्हणून तीच मुलगी हजारो किलोमीटरवरूनही ते ऐकताना घरी पोचते. एक कविता दार उघडं ठेवून माणसाला आपलं करते, दुसरी नाव घेऊन हाक मारते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि एकाच माणसाला दोन्ही लागू पडतात, हे मला भाचीमुळे दिसलं. आपण कुठले, हे सरकारी कागद एका वेळी एकच सांगतो. कविता एका वेळी अनेक सांगू शकते. आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांना जे जमलं नाही, ते तीन कडव्यांना जमलंय.

भिंत आता पूर्ण झालीय. गाण्याच्या शेजारी आम्ही नद्यांचा नकाशाही काढून घेतला, आणि त्यात मांजरा उगमापासून संगमापर्यंत निळ्या रंगात ठळक आहे. पेंटरनं नकाशाचे वेगळे पैसे घ्यायला नकार दिला.

मराठवाड्यातल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला हात जोडून सांगणं आहे. राज्यगीत म्हणून दोन कडवी म्हणा, नियम आहे तो पाळा. पण एकदा तरी मूळ गीताची तिन्ही कडवी वर्गात काढा, चाल न लावता मुलांकडून सावकाश वाचून घ्या, मोठ्या अक्षरात वहीत लिहून घ्या. मग प्रत्येकाला आपापल्या गावचा ओढा नकाशावर गाण्यातल्या नदीपर्यंत नेऊन पोचवायला सांगा. परभणीची मुलं पूर्णेवरून गोदावरीला पोचतील, धाराशिवची काही सीनेवरून भीमेला आणि भीमेवरून कृष्णेला, हिंगोलीची कयाधूवरून पैनगंगेला आणि तिथून वर्धेला. कुणीही मागे राहणार नाही. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन झाल्यावर अर्धा तास एवढ्यासाठी ठेवाच.